विश्लेषण : काल ६३, आज ८०... वारा सुटला की गोल्फचे दिग्गजही का गडबडतात?

१५ जुलै २०१०. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स मैदान. ओपन चॅम्पियनशिपच्या पहिल्याच दिवशी २१ वर्षांच्या रोरी मॅकिलरॉयने ६३ फटक्यांत १८ होल पूर्ण केले. मेजर स्पर्धांतील तेव्हाच्या सर्वोत्तम फेरीशी ही बरोबरी होती. दुसऱ्या दिवशी तोच खेळाडू, तेच मैदान, तेच क्लब आणि धावफलकावर आकडा होता ८०. गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे चांगला खेळ. म्हणजे एका रात्रीत त्याचा खेळ तब्बल १७ फटक्यांनी घसरला. या २४ तासांत बदलली होती ती एकच गोष्ट, ती म्हणजे वारा. अवघ्या ४६ ग्रॅमच्या चेंडूचे वारा नेमके काय करतो, त्यावर ताकद का चालत नाही आणि उत्तम गोल्फपटू यातून वाट कशी काढतात, ते पाहू.

सेंट अँड्र्यूजला त्या दिवशी काय झाले?

ओपनमध्ये पहिल्या दोन दिवशी खेळाडूंना सकाळ आणि दुपार अशा वेळा वाटून दिल्या जातात. पहिल्या दिवशी सकाळी खेळलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी दुपारी खेळतो. मॅकिलरॉय गुरुवारी सकाळी शांत हवेत खेळला. शुक्रवारी दुपारी तो मैदानात उतरला तेव्हा वारा इतका वाढला होता, की ग्रीनवर ठेवलेले चेंडू जागेवर थांबेनात. खेळ तासाभराहून अधिक काळ थांबवावा लागला. पुन्हा सुरू झाल्यावरही वाऱ्याचा जोर फारसा ओसरला नव्हता.

दक्षिण आफ्रिकेचा लुई उस्थायझेन मात्र त्याच शुक्रवारी भल्या सकाळी खेळून ६७ फटक्यांत मोकळा झाला होता. पुढे त्याने ही स्पर्धा सात फटक्यांच्या फरकाने जिंकली. मॅकिलरॉयने शेवटच्या दोन दिवसांत ६९ आणि ६८ अशा फेऱ्या खेळून संयुक्त तिसरे स्थान मिळवले. त्या एका दुपारीने त्याच्या हातून काय गेले, हे सांगायला वेगळ्या हिशेबाची गरज नाही.

हे एकट्या मॅकिलरॉयच्या बाबतीत घडलेले नाही. २००२ मध्ये टायगर वूड्स मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून म्युरफील्डला आला होता. एकाच वर्षात चारही मेजर स्पर्धा जिंकण्याची चर्चा सुरू होती. शनिवारी तिसऱ्या फेरीत पाऊस आणि समुद्राकडून येणारा बोचरा वारा, दोन्ही एकदम आले. वूड्सला त्या फेरीत ८१ फटके लागले आणि ती चर्चा तिथेच संपली. रविवारी हवा निवळली, तेव्हा त्याच वूड्सने ६५ ची फेरी खेळली.

वारा गोल्फमध्येच इतका त्रासदायक का?

क्रिकेटमध्येही वारा असतो. वाऱ्याच्या दिशेने मारलेला षटकार सहज जातो आणि वाऱ्याविरुद्ध गोलंदाजी करणे कोणालाच आवडत नाही. पण क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. गोल्फच्या चेंडूचे वजन नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, तर व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो. व्यावसायिक खेळाडूने ड्रायव्हरने मारलेला चेंडू ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने निघतो, तीसेक मीटर उंची गाठतो आणि सहा-सात सेकंद हवेत राहतो. इतका हलका चेंडू इतका वेळ हवेत राहिला, तर वाऱ्याला त्याच्याशी खेळायला भरपूर सवड मिळते.

त्यात उंचीचा मुद्दा आहे. जमिनीलगतचा वारा गवत, टेकाडे, झुडपे यांना घासून मंदावतो. जसजसे वर जावे तसतसा तो वाढतो. पतंग उडवणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. गच्चीवर वारा पडल्यासारखा वाटतो आणि वर गेलेला पतंग मात्र मांजा ओढत असतो. मोकळ्या सपाट जागेत डोक्याच्या उंचीवर जो वारा असतो, त्याच्या साधारण दीडपट वारा ३० मीटरवर असू शकतो. खेळाडूच्या गालाला जाणवणारा वारा आणि चेंडूला लागणारा वारा, हे दोन्ही वेगळे असतात.

ओपन चॅम्पियनशिप ज्या मैदानांवर होते, ती ‘लिंक्स’ प्रकारची असतात. समुद्रकिनाऱ्यालगतची वाळूची जमीन, आखूड गवत आणि झाडांचा आडोसा जवळपास नाहीच. तिथे वारा हाच मैदानाचा मुख्य अडथळा असतो.

चेंडू हवेत तरंगतो कसा?

वाऱ्याचा परिणाम समजण्यासाठी आधी वारा नसताना काय होते ते पाहू. क्लबचा चेहरा किंचित वर झुकलेला असतो. त्यामुळे फटका बसताच चेंडू पुढे जाता जाता उलट्या दिशेने फिरू लागतो. याला बॅकस्पिन म्हणतात. ड्रायव्हरने मारलेला चेंडू मिनिटाला अडीच ते तीन हजार फेरे घेतो, तर सात नंबरच्या आयर्नने मारलेला सात हजारांच्या आसपास. फिरणारा चेंडू स्वतःभोवतीची हवा खाली ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. हाच मॅग्नस परिणाम. फिरकीपटूचा चेंडू हवेतच बाजूला सरकतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

गोल्फच्या चेंडूला फिरकीमुळे उचल मिळते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर टेट यांनी गणिताने मांडले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश अमॅच्युअर विजेता होता. त्यामुळे हा विषय त्यांच्या घरातलाच म्हणायचा.

चेंडूवरचे खळगेही शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर घुसळला जातो, चेंडूला जास्त वेळ धरून राहतो आणि मागे तयार होणारा ओढीचा पट्टा अरुंद होतो. अगदी गुळगुळीत चेंडू त्याच फटक्यात साधारण निम्मेच अंतर कापेल.

समोरचा वारा जितके नेतो, तितके मागचा देत का नाही?

गोल्फ प्रशिक्षक एक ढोबळ नियम सांगतात. समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या ताशी एक मैल वेगामागे अंतर एक टक्का वाढले असे धरा. मागून येणाऱ्या वाऱ्याच्या प्रत्येक मैलामागे अर्धा टक्काच कमी करा. म्हणजे १५० यार्डांवर (सुमारे १३७ मीटर) झेंडा आहे आणि समोरून ताशी २० मैलांचा (सुमारे ३२ किलोमीटर) वारा आहे, तर फटका १८० यार्डांचा समजून खेळायचा. तोच वारा मागून असेल, तर १३५ यार्डांचा.

हा फरक का? चेंडूला जाणवतो तो हवेच्या तुलनेतला वेग आणि हवेचा विरोध त्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी २७० किलोमीटर वेगाचा चेंडू ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात शिरला, की तो हवेच्या दृष्टीने ३०० च्या वेगाने जात असतो. सुरुवातीलाच विरोध सुमारे २३ टक्क्यांनी वाढला. पण खरी गंमत शेवटी आहे. खाली येताना चेंडूचा वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास उरलेला असतो. त्यात ३० मिळवले तर ढोबळ हिशेबाने विरोध जवळपास ६० टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच वाऱ्याविरुद्ध मारलेला चेंडू सुरुवातीला ठीक वाटतो आणि शेवटच्या टप्प्यात कोणीतरी मागे खेचल्यासारखा खाली पडतो.

समोरच्या वाऱ्यात उचलही वाढते. चेंडू वर चढत जातो, जास्त वेळ हवेत राहतो, उंचावरच्या जोरदार वाऱ्यात सापडतो आणि जवळजवळ सरळ खाली येतो. मागून वारा असताना याच्या उलट घडते. विरोध कमी होतो खरा, पण उचलही कमी होते आणि चेंडू लवकर खाली उतरतो. एका हाताने मिळालेला फायदा दुसऱ्या हाताने काही प्रमाणात परत जातो.

मग जोरात मारले तर?

सामान्य खेळाडू नेमकी हीच चूक करतो. समोर वारा दिसला की दात-ओठ खाऊन क्लब फिरवतो. पण तोच क्लब जास्त वेगाने फिरवला की चेंडूचा वेग वाढतो, तशी फिरकीही वाढते. फिरकी वाढली की उचल वाढते. चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि वारा त्याला अडवून खाली टाकतो. शिवाय जोर लावताना तोल जातो आणि चेंडू क्लबच्या मधोमध लागत नाही. चेंडूला बाजूची फिरकी असेल, तर समोरच्या वाऱ्यात तीही जास्त वळते. शांत हवेत दहा पावले उजवीकडे जाणारा फटका वाऱ्यात थेट झाडीत जातो.

म्हणून वाऱ्यात खेळण्याचा पहिला धडा ताकद कमी करण्याचा आहे. आठ नंबरच्या आयर्नचे अंतर असेल, तर सहा नंबरचा घ्यायचा आणि सावकाश फिरवायचा. नंबर जितका लहान, तितका क्लबचा चेहरा सरळ आणि फटका खालून जाणारा. चेंडू कमी वर जातो, कमी फिरतो आणि वाऱ्याच्या तावडीत कमी सापडतो. कॅलिफोर्नियातील पेबल बीचचा सातवा होल अवघ्या शंभरेक यार्डांचा आहे. एरवी वेजने अलगद टाकायचा फटका. पण पॅसिफिकवरून वारा सुटला की तिथे खेळाडू मधल्या नंबरचे आयर्न बाहेर काढतात. १९९२ च्या यूएस ओपनच्या अखेरच्या दिवशी अशाच वाऱ्यात टॉम काइटचा टी-शॉट या ग्रीनवर थांबला नाही. बाहेरून मारलेली चिप मात्र थेट होलमध्ये गेली. ती स्पर्धा त्यानेच जिंकली.

खालून जाणारा फटका कसा मारतात?

या फटक्याला ‘नॉकडाउन’ किंवा ‘पंच’ म्हणतात. त्याची कृती अशी :

• क्लब एक-दोन नंबर मोठ्या अंतराचा घ्यायचा आणि मुठीवर इंचभर खाली धरायचा.

• चेंडू दोन पायांमध्ये नेहमीपेक्षा चेंडूभर मागे ठेवायचा. हात चेंडूच्या किंचित पुढे आणि वजन पुढच्या पायावर थोडे जास्त.

• पाय जरा फाकवून उभे राहायचे. वारा फक्त चेंडूला नाही, खेळाडूलाही ढकलत असतो.

• क्लब मागे नेताना तीन-चतुर्थांशच न्यायचा आणि फटक्यानंतर हात छातीच्या उंचीवर थांबवायचे.

यात एक सापळा आहे. चेंडू खाली ठेवायचा म्हणून अनेक जण वरून कुऱ्हाड घातल्यासारखा क्लब मारतात. त्याने फिरकी वाढते आणि चेंडू उलट वर चढतो. क्लब जमिनीलगत सपाट गेला पाहिजे. टायगर वूड्सचा लांब आयर्नने मारलेला, सरळ रेषेत जाणारा ‘स्टिंगर’ हा याच कुळातला.

ग्रीनजवळही हेच तत्त्व. उंच चिप मारण्यापेक्षा चेंडू लवकर जमिनीवर टेकवून घरंगळत नेणे सुरक्षित असते. लिंक्स मैदानांची जमीन कडक असते, त्यामुळे तिथे हा फटका हमखास दिसतो.

मागचा आणि बाजूचा वारा सोपा असतो का?

मागून वारा असताना अंतर मिळते, पण चेंडू थांबत नाही. उचल कमी असल्याने तो सपाट येतो आणि ग्रीनवरून पलीकडे घसरतो. त्यामुळे झेंड्याच्या बऱ्याच अलीकडे चेंडू टाकावा लागतो. ड्रायव्हरऐवजी जास्त कोनाचा थ्री-वूड घेणेही अशा वेळी फायद्याचे ठरू शकते.

बाजूच्या वाऱ्यात दोन पर्याय असतात. पहिला, झेंड्याच्या बाजूला नेम धरून वाऱ्याला चेंडू वाहून आणू द्यायचा. यात अंतर थोडे वाढते, पण चेंडू टेकल्यावर आणखी पळतो. दुसरा, वाऱ्याविरुद्ध वळणारा फटका मारायचा. दोन्ही वळणे एकमेकांना मारक ठरून चेंडू सरळ राहतो आणि टेकल्यावर लवकर थांबतो, पण अंतर घटते. दुसरा पर्याय कसबी हातांसाठीच. हौशी खेळाडूने नेम बदलावा आणि वाऱ्याशी भांडू नये, हे बरे.

वाऱ्याचा अंदाज कसा घेतात?

फेरी सुरू असताना वारा मोजणारे यंत्र वापरायला नियमांनुसार बंदी आहे. दिशा कळावी म्हणून पावडर उडवणे, रुमाल किंवा रिबीन धरणे हेही चालत नाही. चिमूटभर गवत उपटून सोडणे मात्र चालते. म्हणून कोट्यवधींच्या बक्षिसासाठी खेळणारा खेळाडूही हवेत गवत उडवताना दिसतो. त्याशिवाय झेंड्याचे फडकणे, झाडांचे शेंडे, तळ्यावरच्या लाटा, ढगांची दिशा आणि आधी खेळलेल्याचा चेंडू, हे सगळे पाहिले जाते.

तरीही अंदाज चुकतोच. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलचा बारावा होल फक्त १५५ यार्डांचा आहे. उंच पाइन वृक्षांमधून वारा तिथे गरगरतो. झेंडा एका दिशेला आणि शेंडे दुसऱ्या दिशेला, असेही घडते. २०१९ च्या मास्टर्समध्ये अखेरच्या दिवशी शेवटच्या दोन गटांतील सहापैकी चौघांनी, म्हणजे कोएप्का, पोल्टर, मोलिनारी आणि फिनाऊ यांनी, तिथे चेंडू पाण्यात घातला. टायगर वूड्सने झेंड्याचा मोह टाळून ग्रीनच्या सुरक्षित भागात चेंडू ठेवला. ते जेतेपद त्याचे होते.

ग्रीनवरचा चेंडूही वाऱ्याने हलतो?

हलतो आणि त्यावरून नियम बदलावे लागले आहेत. २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या झुरिक क्लासिकमध्ये अमेरिकेचा वेब सिम्पसन अखेरच्या दिवशी आघाडीवर होता. पंधराव्या होलवर फूटभरही नसलेल्या पटच्या तयारीत असताना चेंडू वाऱ्याने किंचित सरकला. तेव्हाच्या नियमानुसार खेळाडू पवित्र्यात उभा राहिल्यावर चेंडू हलला तर दोष त्याचाच. एका फटक्याचा दंड बसला, सामना बरोबरीत गेला आणि प्लेऑफमध्ये बब्बा वॉटसन जिंकला. पुढच्याच वर्षीपासून, चेंडू खेळाडूने हलवलेला नाही हे स्पष्ट असेल तर दंड नाही, असा बदल झाला. २०१९ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. ग्रीनवर चेंडू उचलून पुन्हा ठेवल्यानंतर तो वाऱ्याने सरकला, तर मूळ जागी परत ठेवायचा. उचललेलाच नसेल, तर मात्र नव्या जागेवरून खेळायचा.

२०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजलाच पुन्हा कसोटी लागली. शनिवारी सकाळी सात वाजता सुरू झालेला खेळ ३२ मिनिटांत थांबवावा लागला आणि साडेदहा तासांनी पुन्हा सुरू झाला. खेळ सुरूच करायला नको होता, अशी नाराजी काही खेळाडूंनी उघडपणे व्यक्त केली. अखेर १९८८ नंतर प्रथमच ओपनचा निकाल सोमवारी लागला. अमेरिकेच्या झॅक जॉन्सनने प्लेऑफमध्ये मार्क लीशमन आणि २०१० चा विजेता उस्थायझेन यांना हरवले. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरीही त्या स्पर्धेत खेळत होता.

वारा जोरात येणार हे माहीत असल्यानेच ओपनचे ग्रीन मुद्दाम संथ ठेवले जातात. ठरावीक उतारावरून सोडलेला चेंडू किती फूट घरंगळतो, यावरून ग्रीनचा वेग मोजतात. ओपनमध्ये तो साधारण १० फुटांच्या आसपास ठेवतात, तर अमेरिकेतील मोठ्या स्पर्धांत १२ फूट किंवा जास्त असतो. तितक्या वेगवान ग्रीनवर असा वारा आला, तर चेंडू थांबणारच नाही.

हा खेळ न्याय्य म्हणायचा का?

सकाळ-दुपारची अदलाबदल सगळ्यांना सारखी हवा मिळावी म्हणून असते. पण हवामान वेळापत्रक पाळत नाही. २०१० मध्ये उस्थायझेन आणि मॅकिलरॉय यांनी एकच स्पर्धा दोन वेगवेगळ्या हवामानांत खेळली, असे म्हटले तर चूक नाही. पण नशिबाने सकाळ मिळालेले खेळाडू डझनांनी होते. त्यांतून सात फटक्यांनी जिंकला तो एकटाच. शनिवार आणि रविवारच्या फेऱ्याही त्याने तितक्याच शांतपणे खेळल्या. वारा कोणाच्या वाट्याला येईल हे चिठ्ठीवर ठरते. तो आल्यावर किती फटके वाचवायचे, हे खेळाडूवर.

मॅकिलरॉयने हे वाचवणे पुढे शिकून घेतले. २०१४ मध्ये रॉयल लिव्हरपूलच्या लिंक्स मैदानावर त्याने ओपन जिंकली आणि एप्रिल २०२५ मध्ये मास्टर्स जिंकून चारही मेजर स्पर्धा नावावर असलेला तो सहावा गोल्फपटू ठरला.

पुढच्या वेळी ओपन पाहाल तेव्हा...

दरवर्षी जुलैमध्ये ओपनचे प्रक्षेपण मोबाइलवर पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. झेंडा ताठ फडकतो आहे का? खेळाडू फटक्यानंतर हात डोक्यावर नेतो आहे, की छातीशीच थांबवतो आहे? आणि चेंडू आकाशात दिसतो आहे, की मागच्या टेकाडांच्या रेषेखालूनच जातो आहे? वारा सुटलेला असताना जो खेळाडू सर्वांत आळशीपणे क्लब फिरवल्यासारखा वाटेल, त्याच्यावर नजर ठेवा. संध्याकाळी धावफलकावर त्याचे नाव बऱ्याचदा वर असते.